फोटोत रंग वेगळा, व्हिडिओत काळे पट्टे आणि ब्लॉग वाचणार कोण?

धंदा छोटा असला की जाहिरातीसाठी वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही. फोटो मालकच काढतो, मजकूर तोच लिहितो आणि रात्री हिशेब आटोपल्यावर तोच टाकतो. अशा मंडळींची सात पत्रं या वेळी घेतली आहेत. जागेसाठी थोडी कापली आहेत, प्रश्न त्यांचेच आहेत.

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. मुंबई-पुण्याला थेट पेट्या पाठवतो. इन्स्टाग्रामवर पान आहे, लाइक भरपूर येतात, पण ऑर्डरी ओळखीतूनच. पुतण्या म्हणतो ब्लॉग काढा. आंब्यावर लिहायचं तरी काय, आणि वाचणार कोण?
— बागायतदार, देवगड तालुका

पुतण्याचं ऐका. इन्स्टाग्रामची पोस्ट चार दिवसांत खाली जाते. एप्रिलमध्ये ‘हापूस पेटी पुणे घरपोच’ असं गूगलवर शोधणाऱ्या अनोळखी माणसापर्यंत ती क्वचितच पोचते. ब्लॉगचं पान मात्र पुढच्या मोसमातही शोधात येत राहतं.

काय लिहायचं ते तुमच्या फोनमध्येच आहे. मागच्या मोसमातले व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप उघडून बसा. पेटीत किती डझन? एक फळ किती ग्रॅमचं? कच्ची पेटी आली तर पिकायला किती दिवस? फ्रिजमध्ये ठेवायची का? साका (आतून पांढरट, स्पंजासारखा झालेला गर) निघाला तर काय? पावडरवर पिकवलेला नाही ना? हे एकेक प्रश्न म्हणजे एकेक पान. प्रश्न गिऱ्हाइकाने विचारला त्याच शब्दांत मथळ्यात घ्या, कारण शोधतानाही लोक तेच शब्द टाकतात.

‘अस्सल, रसाळ, नैसर्गिक चवीचा आंबा’ हे वाक्य तुमच्या शेजारच्या बागेतही आहे आणि परराज्यातून आलेल्या पेटीवरही. त्यातून कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा : ‘पेटी आली की फळं लगेच बाहेर काढा आणि पेंढ्यावर किंवा वर्तमानपत्रावर एका थरात मांडा. हिरवं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत ते पिकत नाही, साल काळवंडते. रोज एकदा हात फिरवा. वास सुटला आणि देठाजवळ किंचित मऊ लागलं की फळ तयार. त्यानंतर दोन दिवस फ्रिज चालेल.’ एवढं वाचलेला माणूस तुम्हाला फोन करतो, कारण त्याचं काम तुम्ही आधीच केलेलं असतं.

साक्याबद्दल गप्प बसू नका. साका बाहेरून दिसत नाही हे स्पष्ट लिहा, साका असलेल्या कापलेल्या फळाचा फोटो द्या आणि तुमचा नियम सांगा : कापल्यावर किती वेळात फोटो पाठवायचा, बदली फळं देणार की पैसे. पिकवण्याचंही तसंच. कॅल्शियम कार्बाइडवर (हीच ती पावडर) बंदी आहे, एथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो, हे दोन ओळींत सांगून तुमची पद्धत दाखवा. अढी लावत असाल (पेंढ्यात फळं पिकायला ठेवत असाल) तर पहिल्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी फोटो काढा, मात्र जागा, कोन आणि वेळ तीच ठेवा. तीन फोटो शेजारी लावले की रंग कसा चढत गेला ते दिसतं आणि वर काही लिहावं लागत नाही.

भौगोलिक मानांकनाचं चिन्ह जपून वापरा. हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं. त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद झाली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो ब्लॉगवर लावा. झाली नसेल तर बाग देवगडात आहे एवढ्यावर चिन्ह लावता येत नाही.

साधन म्हणून गूगलचं ब्लॉगर पुरे. ते फुकट आहे, स्वतःच्या नावाचा पत्ताही जोडता येतो, खर्च येतो तो फक्त त्या नावाच्या वार्षिक फीचा. स्वतःच्या सर्व्हरवरचं वर्डप्रेस जास्त करू शकतं, पण ते सतत अद्ययावत ठेवावं लागतं. बागेच्या कामात ते राहून जातं, आणि राहिलं की कुणीतरी घुसून त्यात नको त्या जाहिराती भरतो.

ब्लॉगरमध्ये एक खोच आहे. मथळा पूर्ण देवनागरीत असेल तर ते पानाला आपोआप ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि आकडे असा निरर्थक पत्ता देतं. म्हणून प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक उघडा आणि तीन-चार शब्द रोमन लिपीत, मध्ये आडव्या रेघा देऊन, स्वतः लिहा. नंतर बदललात तर आधी पाठवलेल्या सगळ्या लिंका मोडतात.

दराचं पान एकच ठेवा आणि दर वर्षी तेच सुधारा, वर तारीख घाला. दर वर्षी नवं पान काढलं की गूगल जुनंच वर दाखवतं आणि गिऱ्हाईक मागच्या वर्षीच्या दरावर अडून बसतं. शेवटी ऑर्डरची लिंक हवी : डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा घातली की लिंक चालत नाही.

आणि हे सगळं डिसेंबर-जानेवारीत, मोहोर असतानाच लिहून ठेवा. गूगल सर्च कन्सोलमध्ये ब्लॉगची नोंद करा. नवं पान सापडून वर यायला आठवडे जातात. पाडव्याला लिहायला बसलात तर पान वर येईल तेव्हा बागेत पाऊस पडत असेल.

प्रश्न : पैठणीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. जांभळी साडी निळी दिसते, राणी रंग लाल दिसतो. साड्या परत येतात, कुरियरचा भुर्दंड आम्हाला. फोन चांगला महागातला आहे.
— विक्रेत्या, येवला

फोन बदलून हे सुटणार नाही, बिघाड उजेडात आहे. दुकानात वर ट्यूब आणि समोर दारातून ऊन असेल तर दोन रंगांचे उजेड एकाच साडीवर पडतात. फोन त्यातल्या एकाला पांढरा मानतो आणि दुसऱ्याखालचा भाग निळा किंवा पिवळा होतो. फोटो काढताना सगळे दिवे बंद करा. खिडकीपासून तीनेक फुटांवर, थेट ऊन येत नाही अशा जागी, उजेड एका बाजूने येईल अशी साडी मांडा. अंधाऱ्या बाजूला थर्मोकोलची पांढरी शीट उभी केली की सावली मऊ होते. रंगीत भिंतीशेजारी मांडू नका. भिंतीचा रंग रेशमावर उतरतो.

मग साडीच्या कडेला साधा पांढरा कागद ठेवा. फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स असतो. कागद पडद्यावर पांढरा दिसेपर्यंत तो सरकवा आणि सगळ्या साड्यांना तोच आकडा ठेवा. फोनचं ‘सीन’ सुधारणारं किंवा एआय सेटिंग बंद हवं. लाल-गुलाबी रंग भडक करण्याची त्याला खोड असते, राणीचा लाल होतो तो बऱ्याचदा तिथेच. फोनच्या पडद्यावर जरीच्या जागी बोट दाबून धरा, उजेड लॉक होईल. मग बोट किंचित खाली ओढून फोटो थोडा गडद करा. जरीकाम पांढरंफटक झालं की नंतर कुठल्याही अ‍ॅपने परत येत नाही. फ्लॅश नकोच.

आता पैठणीची खास अडचण. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की साडी हलवताना रंग पालटतो. एका फोटोत त्यातला एकच रंग सापडतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडतो तो दुसरा. अशा साडीचा आठ सेकंदांचा व्हिडिओ द्या : फोन स्थिर, पदर हातात धरून हळू तिरका करायचा, परत सरळ. कॅमेरा फिरवलात तर उजेडच बदलतो आणि काही कळत नाही.

प्रत्येक साडीचे फोटो ठरलेले ठेवा. पूर्ण साडी, पदर, बुट्टी जवळून आणि शेजारी मोजपट्टी, आणि उलटी बाजू. उलट्या बाजूचा फोटो फार कमी दुकानदार देतात आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. हातमागावर विणलेल्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास तशीच नीट दिसते, यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात. जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच मागतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबला जातो आणि बारीक जर मिसळून जाते. पक्क्या गिऱ्हाइकाला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ब्लॉगवर उलट करा, मूळ फोटो पाच-सात एमबीचा असेल तर पान उघडतच नाही. रुंदी १२०० पिक्सेल आणि वजन २०० केबीच्या आत आणा. स्क्वूश नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच हे करून देतं. एवढं करूनही प्रत्येकाच्या मोबाइलचा पडदा वेगळा. तेव्हा रंग शब्दांतही लिहा : ‘वांगी, उन्हात लालसर झाक’. वाद झाला तर हे शब्द कामी येतात.

प्रश्न : दिवाळीचा फराळ करून विकते. स्वयंपाकघरात रील काढला की व्हिडिओवर काळे आडवे पट्टे सरकतात. आवाजही मिक्सर आणि पंख्यात बुडतो. मागे सिनेमातलं गाणं लावलं तर रीलचा आवाजच बंद झाला.
— गृहउद्योजिका, डोंबिवली

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ट्यूब किंवा स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या फोनचा मेळ त्याच्याशी बसत नाही आणि पट्टे दिसतात. फोनच्या प्रो व्हिडिओत शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, चित्रं सेकंदाला २५. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे ‘पाल फॉरमॅट्स’ चालू केलं की २५ चा पर्याय दिसतो. फोनमध्ये यातलं काहीच नसेल तर सकाळी खिडकीच्या उजेडात चित्रण करा. स्लो मोशन तर दिव्याखाली घेऊच नका, लुकलुकणारच.

कढईच्या बरोबर वर फोन धरू नका. तेलाची वाफ भिंगावर बसते, पुढचे सगळे शॉट धुरकट येतात आणि ते रात्री जुळवायला बसल्यावर लक्षात येतं. दोन-अडीच फूट बाजूला, तिरका कोन, दुप्पट जवळ आणणारं भिंग असेल तर ते. प्रत्येक शॉटआधी भिंग सुती कापडाने पुसा.

आवाज वेगळा घ्या. मिक्सर, पंखा आणि चिमणी बंद करून चकली मोडतानाचा कुडूम आवाज तेवढा जवळून टिपा. बोलणं नंतर, गाद्या-कपडे असलेल्या खोलीत, फोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला धरून. समोर धरलात तर प, फ, भ म्हणताना फुंकर माइकवर आदळते. पस्तीस सेकंदांच्या व्हिडिओत सत्तर-ऐंशी शब्द मावतात, त्याहून जास्त लिहिलंत तर धावपळ ऐकू येते.

क्रम असा ठेवा. पहिले तीन सेकंद चकली मोडणारी बोटं आणि तो आवाज. नमस्कार-चमत्कार, बोधचिन्ह काही नाही, लोक तिथेच पुढे सरकतात. मग सोऱ्यातून पडणारे वेढे, मग तेलातले बुडबुडे कमी होताना, मग काट्यावर अर्धा किलोचं पाकीट, आकडा वाचता येईल असा. शेवटी चार सेकंद एक स्थिर पाटी : भाव, ऑर्डरची शेवटची तारीख, घरपोच कुठपर्यंत. बरेच जण लोकलमध्ये आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेलं खाली अक्षरांत हवं. पण अगदी खाली नको. तिथे अ‍ॅपची बटणं आणि नाव येतं. खालचा पाव भाग आणि वरची पट्टी मोकळी सोडा.

चित्रण उभं, १०८० बाय १९२०. जुळवणीला इनशॉट किंवा व्हीएन पुरतं. व्हीएनमधून फाइल अ‍ॅपच्या नावाच्या शिक्क्याशिवाय निघते.

गाण्याचं कारण सोपं. चित्रपटगीत धंद्याच्या जाहिरातीला वापरायला मालकाची परवानगी लागते. इन्स्टाग्राम म्हणूनच बिझनेस खात्याला ती सगळी गाणी देत नाही. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे, तिथल्या प्रत्येक तुकड्यावर श्रेय द्यायचं की नाही ते लिहिलेलं असतं. खरं तर चकलीच्या आवाजावर दुसरं संगीत लागतच नाही.

पाकिटावर आणि पानावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी क्रमांक दिसू द्या. गूळ घातलेल्या लाडवाला ‘शुगर फ्री’ म्हणू नका, आणि ‘मधुमेह बरा करतो’ असं तर चुकूनही नको. १९५४ च्या जादूटोणा उपाय आणि औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात मधुमेहाचं नाव यादीत आहे. ‘साखर नाही, गूळ अमुक ग्रॅम’ एवढं लिहा, ते खरंही आहे आणि पुरेसंही.

प्रश्न : आमच्या क्लासचं माहितीपत्रक प्रेसमध्ये टाइप करून घेतलं होतं. तोच मजकूर ब्लॉगवर चिकटवला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो.
— शिवणक्लास चालक, परभणी

प्रेसमध्ये जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरलाय. त्यात ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं रोमन अक्षरच साठवलेलं असतं. तो फॉन्ट नसला की मूळ अक्षर उघडं पडतं. प्रेसवाल्याला फॉन्टचं नेमकं नाव विचारा आणि त्याच फॉन्टचा युनिकोड परिवर्तक (मजकूर सगळीकडे दिसेल अशा अक्षरांत बदलणारं साधन) वापरा. दुसऱ्या फॉन्टचा लावलात तर अर्धं बरोबर येतं, आणि ते जास्त वाईट, कारण चुका लपून राहतात. बदलल्यावर रफार, ‘ऱ्या’, ‘ॲ’ आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, घोळ तिथेच होतो. दोन पानांचाच मजकूर असेल तर गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करणं लवकर होतं.

चित्रावर मराठी लिहितानाही वेलांटी अक्षराच्या मागे जाते किंवा जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं. फोटोशॉपमध्ये टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करावं लागतं. नव्या अ‍ॅपवर आधी ‘गिऱ्हाईक, चिक्की, स्थिती, ॲल्युमिनियम’ एवढी ओळ टाइप करून पाहा. ती नीट आली की पुढे चला. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरायला मोकळे आहेत.

आणि फी, वेळ, पत्ता फक्त चित्रात ठेवू नका. चित्रातल्या अक्षरांवर शोधात भरवसा ठेवता येत नाही, आणि पत्ता कुणाला कॉपी करून रिक्षावाल्याला पाठवताही येत नाही.

प्रश्न : आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. गूगल मॅप पाहुण्यांना पाखाडीवर (पायऱ्यांच्या पायवाटेवर) नेऊन सोडतो, गाडी तिथून पुढे येत नाही. त्याचा राग परीक्षणात निघतो. पडताळणीचा व्हिडिओही एकदा नाकारला गेला.
— होमस्टे चालक, गुहागर तालुका

गूगलवरच्या तुमच्या धंद्याच्या प्रोफाइलच्या पडताळणीपासून सुरू करू, कारण ती झाल्याशिवाय बाकीचं हातात येत नाही. गूगलला एका दमात, न तोडता काढलेला व्हिडिओ लागतो आणि त्यात तीन गोष्टी दिसाव्या लागतात : जागा कुठे आहे, धंदा खरंच चालतो का, आणि तो चालवणारे तुम्हीच का. घरगुती होमस्टेला पाटीच नसते आणि बहुतेक वेळा गाडं तिथेच अडतं. आधी कायमची पाटी लावा, नाव प्रोफाइलवर आहे अक्षर न् अक्षर तसंच. मग रस्त्यावरून, शेजारची ओळखीची खूण दाखवत सुरुवात करा, पाटीपाशी थांबा, किल्लीने खोली उघडा, आत खाट आणि नोंदवही दाखवा. कुणाचा चेहरा किंवा आधार कार्ड दाखवायची गरज नाही.

पिनचं असं : मॅप पिनच्या सर्वांत जवळचा रस्ता पकडतो आणि पाखाडी त्याला रस्ताच वाटते. प्रोफाइलमध्ये पत्त्याच्या दुरुस्तीत जाऊन पिन घराच्या छपरावरून उचला आणि गाडी जिथे लागते त्या फाटकावर ठेवा. पाखाडीवर गाडी जात नाही ही दुरुस्ती मॅपवर वेगळी सुचवा. तोवर पाहुण्यांना प्लस कोड (गूगल मॅपवरचा त्या जागेचा छोटा अक्षर-आकडी पत्ता) पाठवा. वाडीत घर क्रमांक नसतो तिथे तो फार उपयोगी पडतो, मात्र तोही फाटकाचा घ्या.

रेंज जाते म्हणून रस्त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून भागत नाही. प्रत्येक वळणाचा फोटो काढा, त्यावर बाण आणि एक ओळ : ‘देवळानंतर डावीकडे, डांबरी सोडायची नाही’. पाच-सहा फोटो बुकिंग होताच व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ द्या, फोनमध्ये उतरले की रेंज लागत नाही. फोटो पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले वेगळे ठेवा, गवत वाढल्यावर अर्ध्या खुणा झाकल्या जातात.

प्रोफाइलवर समुद्राचे दहा फोटो लावण्यापेक्षा खोलीच्या चारही बाजू, बाथरूम, गाडी लावायची जागा आणि जेवणाचं ताट लावा. समुद्र सगळ्यांनाच आहे. कुटुंब घेऊन येणारा माणूस बाथरूम शोधत असतो. फोटो १० केबी ते ५ एमबी, व्हिडिओ ३० सेकंदांपर्यंतच घेतला जातो. खोलीचा फोटो दारातून, फोन छातीच्या उंचीवर आडवा धरून. सगळ्यात रुंद भिंग वापरलंत तर खोली दुप्पट दिसते आणि पाहुणा आल्या आल्या चिडतो.

वाईट परीक्षणाला तीन ओळींत उत्तर द्या : काय चुकलं, काय बदललं, आता रस्ता कुठून. वाद नको, ते उत्तर त्या पाहुण्यापेक्षा पुढच्या पाहुण्यासाठी असतं. परीक्षण लिहा असं सांगायला हरकत नाही, पण त्या बदल्यात सवलत किंवा कोकमाची बाटली देणं गूगलच्या नियमांत बसत नाही.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्टमध्ये दोनशेवर नंबर आहेत, पण निरोप निम्म्यांनाही पोचत नाही. रोज पाठवते, तरी.
— मसाले विक्रेत्या, सांगली

ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय. म्हणून पहिल्या पाकिटासोबतच ‘नंबर सेव्ह करा, नवा मसाला निघाला की कळवू’ अशी चिठ्ठी द्या. एका यादीत २५६ नंबर मावतात. रोज पाठवू नका. लोक आवाज बंद करतात, काही तक्रार नोंदवतात, आणि तक्रारी साठल्या की नंबरच बंद पडतो. मिरची कांडली त्या आठवड्यात एक निरोप, बाकी रोजचं स्टेटसवर. बिझनेस अ‍ॅपमध्ये भाव आणि वजनं कॅटलॉगमध्ये भरून ठेवलीत तर ‘रेट पाठवा’ला दर वेळी टाइपही करावं लागणार नाही.

प्रश्न : आमचं सीएनसी-व्हीएमसीचं (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर धातू कापण्याचं) जॉबवर्क आहे. गिऱ्हाईक कंपन्या. आम्हाला रील, ब्लॉग याचा काही उपयोग आहे का?
— वर्कशॉप मालक, शिरोली एमआयडीसी

रीलचा फारसा नाही. एका नीट लिहिलेल्या पानाचा आहे. पर्चेसवाला माणूस नवा पुरवठादार शोधतो तेव्हा त्याला ‘गुणवत्ता हाच ध्यास’ वाचायचं नसतं. त्याला हवं ते असं : कुठली मशिनं, किती नग, चकचा (जॉब धरणाऱ्या पकडीचा) आकार, टर्निंगचा जास्तीत जास्त व्यास आणि लांबी, व्हीएमसीचा टेबल किती बाय किती, उंची किती. कुठलं मटेरियल रोज चालतं : ईएन८, ईएन२४, एसएस ३०४, बीड (ओतीव लोखंड). कुठल्या मापावर किती मायक्रॉन धरता येतात, आणि ते कशावर मोजता. कमीत कमी किती नगांचं काम घेता. हे कोष्टकात लिहा. जे करत नाही तेही लिहा, ‘हीट ट्रीटमेंट बाहेरून’ असं वाचल्यावर कुणी बिचकत नाही, उलट नंतरचे चार फोन वाचतात.

ब्लॉग लिहायचाच तर ड्रॉइंग पाठवताना काय काय द्यावं, पातळ भिंतीचा जॉब चकमध्ये धरला की का वाकतो, असे विषय घ्या. दोन महिन्यांनी एक पान पुरे.

फोटो काढताना जॉबवरचं कूलंट पुसा, नाहीतर डाग गंजासारखे दिसतात. चकाकी कमी करण्यासाठी दिव्यासमोर बटर पेपर ताणून लावा, खाली करडा किंवा निळा कागद, शेजारी स्टीलची पट्टी. गिऱ्हाइकाचा जॉब त्याच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका. परवानगी असली तरी मागचं सगळं नीट पाहा : फळ्यावर लिहिलेलं कंपनीचं नाव, टेबलावरचं ड्रॉइंग, ट्रेवरचा पार्ट नंबर. फोटो मोठा करून हे सगळं वाचता येतं आणि त्यावरून काम गेलेलं आहे लोकांचं. सराव म्हणून स्वतःच कापलेला नमुना जॉब सगळ्यात सुरक्षित.

त्याच पानाची दोन पानी पीडीएफ करा, दोन एमबीच्या आत. फाइलला ‘फायनल नवीन २’ असं नाव नको. कंपनीचं नाव, गाव आणि ‘सीएनसी जॉबवर्क’ एवढं घाला. ती फाइल एका पर्चेसकडून दुसऱ्याकडे फिरते तेव्हा तिच्यासोबत दुसरं काहीच जात नाही.